एचआयव्ही असेल तर नोकरीवरून काढता येते का?

मोर्शी-वरुडकडची कितीतरी मुलं-मुली पुण्या-मुंबईत कंपन्यांत कामाला आहेत. म्हणून ही माहिती आपल्या घरात असायला हवी, असं आम्हाला वाटतं.

पुण्यातल्या एका औषध कंपनीत एका बाईंनी मेडिक्लेमचे कागद दिले. त्यातून एचआयव्ही कळला आणि 2015 मध्ये त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. त्या लढल्या. 2018 मध्ये कामगार न्यायालयाने त्यांना थकीत पगारासह कामावर परत घ्यायला सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने तर 1997 मध्येच म्हटलं होतं: माणूस काम करू शकतो, इतरांना धोका नाही, तर निव्वळ एचआयव्हीसाठी त्याची रोजी हिरावता येत नाही.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तो खासगी कंपन्यांनाही बांधतो. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करता येत नाही. 100 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी हवा. त्यापुढे राज्याच्या लोकपालाकडे जाता येतं.

कपातीचं नाव सांगून काढत असतील, तर घाईत राजीनाम्यावर सही करू नका. कारण लेखी मागा, कागद जपा. 1097 वर फोन मोफत आहे. सरकारी एआरटी केंद्रात औषधंही मोफत मिळतात.

आणि मोहल्ल्यात बोभाटा करू नका. एका दस्तरखानवर जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही.