माठातला मोगरा, चहातला मोगरा

कोयनाकाठी पाऊस लागला की पाटणच्या घरोघरी चहात गवती चहा नि आलं पडतं. मोगरा मात्र आपण उन्हाळ्यात माठात टाकतो, वाळ्याच्या जुडीसोबत.

चीनमध्ये मोगऱ्याचा चहा शेकडो वर्षं पितात. गंमत अशी, की हे फूल मूळचं तिकडचं नव्हे. 'मल्लिका' या संस्कृत नावावरूनच त्याला चिनी नाव मिळालं, 'मोली'. फुचौ शहराकडे दुपारी टपोऱ्या कळ्या खुडतात. रात्री त्या उमलू लागल्या की कोरड्या चहापत्तीत मिसळतात. पत्ती वास ओढून घेते. मग फुलं काढून पत्ती वाळवतात. भारी चहाला हे अनेकदा करतात. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या परंपरेला जागतिक कृषी वारसा मानलं.

वाळलेल्या फुलात वास थोडाच उरतो. खरा वास उमलत्या कळीत. म्हणून दारच्या, औषध न मारलेल्या कळ्या संध्याकाळी खुडा, रात्रभर पत्तीत ठेवा, सकाळी काढा, पत्ती सावलीत वाळवा. बाजारातला गजरा चहात नको, त्यावर फवारणी असू शकते. दिसायला पांढरं म्हणून दुसरं फूलही नको. पांढरी कण्हेर विषारी असते.

फूल आपल्या अंगणातलं, मोल त्यांनी केलं. आता थोडं आपणही करूया.