मुंबईला ‘असणारी’ माणसं

जुन्नर-आंबेगावकडे कुणाच्याही घरी मुलाची चौकशी करा, ‘तो मुंबईला असतो’ असं उत्तर येतं. ‘राहतो’ असं सहसा कुणी म्हणत नाही. चाळीस वर्षं शहरात काढलेल्या माणसालाही हेच क्रियापद. मला हा नुसता बोलीचा फरक वाटत नाही. त्यामागे घरांचा इतिहास आहे.

वाढत्या शहरातल्या कामगारांना दानाच्या पैशातून घरं द्यायची, हा प्रयोग लंडनमध्ये गाजला. अमेरिकन बँकर जॉर्ज पीबॉडी यांनी 1862 मध्ये दीड लाख पौंड दिले आणि दोन वर्षांत स्पिटलफील्ड्समध्ये पहिली इमारत उभी राहिली. भाडं आगाऊ द्यायचं, रात्री दरवाजे बंद. ज्याचं काम रोज बदलतं, त्या मजुराला तिथे शिरणं अवघडच होतं.

मुंबईत असं मोठं दान केलं जेरबाई वाडियांनी. गिरणीमालक नवरोजजी वाडियांच्या मागे या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लालबागेत कमी भाड्याची घरं बांधायला घेतली. पुढे मुलांनीही ते काम वाढवलं. नवरोज बाग, रुस्तम बाग, खुसरो बाग ही त्यातली नावं. घरं होती गरजू पारशी कुटुंबांसाठी. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मेमन, खोजा, बोहरा यांच्या ट्रस्टांनीही आधी आपापल्या जमातीकडेच पाहिलं.

पण मग जुन्नरचा दखनी मुसलमान कुठे जाणार? बागवान, आतार, तांबोळी, किंवा गिरणीच्या कागदापुढे ज्यांचा हातकागद टिकला नाही ते कागदी. यांच्यामागे ना शेठ, ना श्रीमंत जमात. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता, पण तो मुसाफिरांसाठी. हाजी जहाजाची वाट पाहत थांबतो आणि निघून जातो. हमाल काही निघून जात नाही.

माझ्या आजोबांची वळकटी मुंबईत पहिल्यांदा उलगडली ती गावच्याच एका मराठा माणसाच्या खोलीत. आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपायचे. जेवण मात्र वेगळं. आजोबा नागपाड्याला खानावळीत जात. याला मी भाईचाऱ्याची गोड गोष्ट करणार नाही. तो गावचा हिशोब होता. आज तू मला जागा दे, उद्या मी तुझ्या भावाला देईन.

सरकारने काय केलं? 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. सुरुवातीला त्याने बांधल्या त्याहून जास्त खोल्या पाडल्या. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खातं काढलं, तेच बीडीडी. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या, प्रत्येकीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. आणि एवढी गर्दी असूनही कित्येक खोल्या रिकाम्या! भाडं जास्त, वरळी गिरण्यांपासून लांब. 1930 च्या कायदेभंगात तर वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरात सत्याग्रही कैदी राहिले, कामगार मात्र गाववाल्याच्या खोलीत पथारी शोधत होते.

त्याच काळातला एक आकडा नेहमी सांगितला जातो. 1921 मध्ये मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे 828 अर्भकमृत्यू झाले. आकडा भयंकर आहे, पण त्यात एक गोम आहे. बायका बाळंतपणाला गावी जात, तेव्हा जन्माची नोंद गावाकडे व्हायची. तान्हं मूल घेऊन त्या परत येत आणि मृत्यूची नोंद शहरात. म्हणजे सरकारी वहीतसुद्धा आमची माणसं मुंबईला फक्त ‘असत’.

डबेवाले याच भागातले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ. 1956 मध्ये त्यांनी आपला चॅरिटी ट्रस्ट नोंदवला. दान घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी. घोडेगाव, डिंभे ओलांडून भीमाशंकरला गेलात तर तिथे त्यांची धर्मशाळा आहे. आळंदीला आहे, जेजुरीलाही आहे. ज्यांना शहरात कुणी घर बांधून दिलं नाही, त्यांनी महिन्याच्या कमाईतून वर्गणी काढून अनोळखी वाटसरूंच्या मुक्कामाची सोय केली.