ज्ञात दोषांची नोंद: गोंदियाचे महसुली दप्तर आणि सर्व्हरचा इतिहास

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मध्य प्रांतातील मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात वर्ग झालेले जमिनीचे दप्तर नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आले. या कागदी दप्तराचे दोष सर्वांना ठाऊक होते. वाळवी, पावसाळ्यातली ओल, विटलेली शाई आणि खाडाखोड हे दोष डोळ्यांना दिसत, हळूहळू वाढत आणि बहुधा एका साझ्याच्या, म्हणजे एका पटवाऱ्याकडील गावांच्या, बस्त्यापुरतेच राहत. दप्तर संगणकावर गेले तेव्हा दोषांचे हे स्वरूप पालटले, आणि त्यांची नोंद ठेवण्याची जबाबदारीही जिल्ह्याबाहेर गेली.

जमिनींच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात प्रयोगादाखल सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यासाठी विदर्भातीलच वर्धा जिल्हा निवडला गेला. अधिकार अभिलेखाचा गाव नमुना सात आणि पिकांच्या नोंदवहीचा गाव नमुना बारा यांचा मिळून होणारा सातबारा हा या कामाचा गाभा होता. गोंदिया जिल्हा जन्मला तो काळ मात्र यंत्रांवरील विश्वासाला तडा देणारा होता. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या प्रणाली २००० साली चुकतील, या भीतीने जगभरची कार्यालये आपली यंत्रे तपासत होती. जिल्हानिर्मितीच्या अवघे पाच दिवस आधी, २६ एप्रिल १९९९ रोजी, तैवानमध्ये लिहिल्या गेलेल्या सीआयएच या विषाणूने अनेक देशांतील संगणकांच्या डिस्कवरील माहिती पुसली आणि काही यंत्रांतील बायोसही निकामी केले. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वप्रथम चालणारी, मुख्य फलकावरील चिपमध्ये साठवलेली आज्ञावली.

अशा आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ती हार्डवेअर आणि नेहमीचे सॉफ्टवेअर यांच्या मधल्या थरात असते आणि डिस्क, पंखे, वीजपुरवठा, नेटवर्क कार्ड अशा सर्व्हरच्या जवळजवळ प्रत्येक भागात तिची एक प्रत चालू असते. पूर्वी ती बदलण्यासाठी बहुधा चिपच बदलावी लागे. विजेने पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती रुळल्यावर विकल्या गेलेल्या यंत्राचीही दुरुस्ती दुरून शक्य झाली, पण त्याच सोयीमुळे सीआयएचला बायोसपर्यंत वाट मिळाली.

दोष उघडपणे मान्य करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याच्या प्रथेला १९९४ च्या प्रकरणाने मोठी चालना दिली. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकारासाठी वापरलेल्या सारणीतील पाच नोंदी गळाल्या होत्या, त्यामुळे काही विशिष्ट संख्यांचा भागाकार चुकत असे. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी ही चूक उजेडात आणली, आणि आरंभी तिला क्षुल्लक ठरवणाऱ्या कंपनीने डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले. त्यापोटी तिने ४७.५ कोटी डॉलरचा भार हिशेबात धरला. पुढे प्रोसेसरमधील ज्ञात दोषांच्या याद्या नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागल्या आणि प्रोसेसरमधील सूक्ष्म आज्ञावली नंतर बदलता येण्याची सोयही रूढ झाली.

सर्व्हरच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद घटना नोव्हेंबर २०१९ मधील आहे. एचपीई कंपनीने जाहीर केले की तिच्या काही सॉलिड स्टेट डिस्क ३२,७६८ तास, म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरील माहितीही परत मिळणार नाही. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, आणि सोळा बिटांच्या चिन्हांकित गणकात मावणारी सर्वांत मोठी संख्या त्याहून एकाने लहान असते. यावर उपाय म्हणून नवे फर्मवेअर देण्यात आले. मार्च २०२० मध्ये कंपनीने दुसऱ्या काही डिस्कबाबत ४०,००० तासांच्या अशाच मर्यादेची सूचना दिली.

या घटनेने सर्व्हरच्या सुरक्षिततेमागचे एक गृहीतक उघडे पाडले. एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून सर्व्हरमध्ये ती अनेक डिस्कवर विभागून किंवा दुहेरी साठवतात, आणि या व्यवस्थेत डिस्क एकाच वेळी बिघडणार नाहीत असे धरलेले असते. परंतु एकाच दिवशी बसवलेल्या, एकच फर्मवेअर असलेल्या डिस्कचे तास बरोबरीने मोजले जातात, म्हणून त्यांचा शेवटही जवळजवळ एकाच वेळी येतो. कागदी दप्तराचे दोष गावोगाव विखुरलेले असल्याने जे संरक्षण आपोआप मिळे, ते यंत्रांच्या एकसारखेपणामुळे नाहीसे होते.

महाराष्ट्रात पुढे ई-फेरफार प्रणालीने नोंदी ऑनलाइन आणल्या आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. सालेकसा किंवा देवरीतील शेतकऱ्याला उतारा देणारे यंत्र आता त्याच्या तालुक्यात नसते, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ या उत्तरातून बिघाड यंत्रात आहे, जोडणीत आहे की केवळ गर्दीचा आहे, हे त्याला किंवा पटवाऱ्याला कळत नाही. धान विक्रीच्या नोंदणीलाही सातबारा लागत असल्याने अशा खोळंब्याचा परिणाम थेट हंगामावर होतो.

महसुली परंपरेत यावर विचार करण्याजोगी एक शिस्त आधीपासून आहे. जमिनीच्या हक्कातील बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो, संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकती ऐकल्या जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो सातबाऱ्यावर चढतो. फर्मवेअरची आवृत्ती केव्हा, कोणत्या ज्ञात दोषामुळे आणि कोणाच्या परवानगीने बदलली, याची नोंदही याच काटेकोरपणे ठेवली गेली पाहिजे, कारण उत्पादकाने प्रसिद्ध केलेली दोषांची यादी यंत्र सांभाळणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर तो दोष जगाला ज्ञात असूनही त्या दप्तरापुरता अज्ञातच राहतो.