उलटं टांगलेलं चर्च

दोरीची दोन टोकं धरून ती सैल सोडली, की मध्ये झोळ पडतो. त्या झोळात दोरीवर फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला, तर ताणाच्या जागी निव्वळ दाब येतो; आणि दगड-विटा दाब सोसतात, ताण नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हे सूत्र १६७५ साली लॅटिन अक्षरांच्या कोड्यात लपवून छापलं. १७४८ मध्ये इटालियन गणितज्ञ पोलेनीने रोमच्या सेंट पीटर्सचा तडे गेलेला घुमट वजनं लावलेल्या साखळीनेच तपासला.

पण या सूत्राला अख्खी इमारत टांगली ती वास्तुरचनाकार आंतोनी गाउदीने.

१८९८ मध्ये कापड-उद्योजक एउसेबी ग्वेलने बार्सिलोनाजवळच्या आपल्या कामगार वसाहतीसाठी त्याच्याकडे चर्च मागितलं. गाउदीने दहापट लहान प्रतिकृती छतापासून खाली सोडली: दोऱ्यांचं जाळं, आणि जिथे भार येणार तिथे छऱ्यांच्या छोट्या पिशव्या. एक पिशवी हलली की सगळ्या कमानी आपोआप नवा आकार घेत. मग छायाचित्र काढायचं, उलटं धरायचं आणि त्यावर रंगाने भिंती भरायच्या. असं सुमारे दहा वर्षं चाललं. चर्चचे तिरके खांब हा लहरीपणा नव्हे. भार ज्या वाटेने उतरतो, त्याच वाटेने ते उभे आहेत.

बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं, १९१४ मध्ये थांबलं. तळघरापुरतंच झालं, तरी ते पाहण्यासारखं आहे. इथे पारखलेल्या कल्पना गाउदीने बार्सिलोनातल्या आपल्या सग्रादा फामिलिया या मोठ्या चर्चमध्ये पुढे नेल्या. त्या चर्चच्या प्लास्टरच्या प्रतिकृती १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत फोडल्या गेल्या; पुढच्या वास्तुरचनाकारांनी त्यांचे तुकडे जुळवत काम पुढे नेलं.