शंभरावी वात

एदो राजवटीच्या काळीं जपानांत रात्रीं एकत्र जमून भुताखेतांच्या शंभर गोष्टी सांगण्याची एक रीत होती. निळ्या कागदानें मढविलेल्या दिव्यांत शंभर वाती लावीत आणि एक गोष्ट संपली कीं एक वात मालवीत. शेवटची वात विझली म्हणजे अंधारांत खरोखरीच कांहीं तरी येऊन उभें राहील, अशी समजूत असल्यामुळें पुष्कळ मंडळी नव्याण्णवाव्या गोष्टीवरच बैठक आटोपती घेत. उएदा आकिनारीचा ‘उगेत्सु मोनोगातारी’ हा १७७६ सालचा कथासंग्रह याच हवेंत वाढला. १९०४ सालीं लाफ्काडिओ हर्न यांनीं ‘क्वाइदान’ लिहून असल्या गोष्टी इंग्रजी वाचकांपर्यंत पोंचविल्या. एवढा इतिहास आपल्याकडील रसिकांस थोडाबहुत ठाऊक असतो. त्या परंपरेची अलीकडची एक शाखा मात्र छापील पुस्तकांत शोधून सांपडावयाची नाहीं. ती संगणकावर फुकट वांटलेल्या खेळांत आहे.

१९९२ सालीं आस्की या कंपनीनें पीसी-९८०१ या जपानी संगणकासाठीं ‘आरपीजी त्सुकूरु दांते ९८’ नांवाचें साधन विक्रीस काढलें. ‘त्सुकूरु’ म्हणजे बनविणें. संगणकाची भाषा न शिकतां, नकाशे, पात्रें व संवाद मांडून कोणालाही खेळ रचतां यावा, हा त्याचा हेतु. त्यावरच १९९६ सालीं माकोतो केदोइन यांनीं ‘कॉर्प्स पार्टी’ हा झपाटलेल्या शाळेचा खेळ केला. २००४ सालीं ‘युमे निक्की’ आला; त्याच्या कर्त्यानें किकियामा या टोपणनांवामागील आपली ओळख कधीं उघड केली नाहीं, आणि खेळाचे दामही घेतले नाहींत.

आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें २०१२ सालच्या ‘माजो नो इए’, म्हणजे ‘चेटकिणीचें घर’, या खेळाविषयीं. फम्मी या टोपणनांवाच्या लेखकानें तो याच साधनाच्या पुढील आवृत्तीवर रचला व तसाच विनामूल्य दिला. ज्यांस तो स्वतः खेळावयाचा असेल त्यांनीं येथेंच थांबावें हें बरें.

व्हायोला नांवाची तेरा वर्षांची मुलगी जंगलांत अडकते आणि एका घरांत शिरते. खोलीमागून खोली, प्रत्येकींत एक कोडें. चुकलें कीं मरण. हीं आकस्मिक मरणें कित्येकदां दचकविण्यापलीकडे कांहीं साधीत नाहींत, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. पण कोड्यांकडे नीट पाहावें. पहिलेंच असें कीं कापडी अस्वल टोपलींत ठेवावयाचें. तें मावत नाहीं, म्हणून कात्रीनें त्याचे हातपाय कापावे लागतात. पुढें एक बेडूक भेटतो, विश्वासानें बरोबर येतो. त्याला सापाच्या तोंडीं दिल्यावांचून वाट मिळत नाहीं. मुलगी बिचारी संकटांत आहे, म्हणून आपण हें सारें निमूटपणें करतों.

घरांत चेटकिणीची रोजनिशी जागोजागीं सांपडते. ही एलेन आजारी, आईबापांच्या प्रेमास आंचवलेली मुलगी. व्हायोला तिची मैत्रीण; मैत्रिणीची कींव येऊन तिनें एका दिवसापुरतें आपलें शरीर तिला दिलें, आणि एलेननें तें परत केलें नाहीं. अर्थात् ज्या मुलीस आपण इतक्या शर्थीनें बाहेर काढलें तीच चेटकीण. मागें सरपटत येणारी, पाय नसलेली, डोळे नसलेली आकृति हीच खरी व्हायोला. हांक मारावी तर तिच्या कंठांतून नीट शब्द फुटत नाहीं. तिला शोधीत आलेला बाप समोरच्या मुलीला ओळखतो, आणि त्या आकृतीवर बंदूक झाडतो. अखेरीस एक लहानशी वस्तु उचलावयाची राहून गेली, तर हा उलगडा दडूनच राहतो आणि खेळणारा, एक मुलगी वांचविली या समाधानांत उठून जातो.

आकिनारीचा वाचक भुताची गोष्ट ऐकतो. येथें खेळणारा भुताच्या वतीनें हात चालवितो. छापील कथेला हें साधणें कठीण. २०१३ सालीं एलेनच्या बाजूनें लिहिलेली कादंबरी निघाली व २०१८ सालीं खेळाची नवी, विकत घ्यावयाची आवृत्तीही आली. परंतु मूळच्या ओबडधोबड खेळांतील एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. अगदीं आरंभीं, जंगलांतच, मुलीजवळ वडिलांचें एक पत्र असतें: लौकर घरीं ये, असा त्याचा आशय. पहिल्या खेपेस आपण तें व्हायोलाचें म्हणून वाचतों. दुसऱ्या खेपेस तेंच पत्र उघडलें म्हणजे, तें कोणाच्या हातांत आहे हें आपणांस ठाऊक असतें.