शीड, वल्हीं आणि खांदेरी

समुद्रावरील लढायांचा इतिहास आपण बहुधा तोफांच्या संख्येवरून वाचतों. वारा आणि भरती-ओहोटी यांची दखल सहसा कोणी घेत नाहीं. खांदेरीचें प्रकरण मात्र त्यांच्यावांचून उलगडत नाहीं.

शिवछत्रपतींनीं १६७९ सालीं मायनाक भंडारी यांच्याकरवीं या बेटावर तटबंदीस आरंभ केला. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशीं. तेव्हां इंग्रजांनीं जहाजें धाडून त्यास वेढा दिला. मागल्या हिवाळ्यांत वऱ्हाडांतील स्नेही आमचेकडे आले असतां, त्यांस शिडाच्या होडींतून तिकडे नेण्याचा योग आला. सारा जन्म जमिनीवर काढलेल्या या मंडळींनीं एकच प्रश्न विचारला: मुंबईच्या डोळ्यांदेखत हा तट इंग्रजांनीं बांधूं कसा दिला?

उत्तर समुद्रानेंच दिलें. पहांटेच्या मतलई वाऱ्यानें होडी झपाट्यानें दक्षिणेस गेली. पण बेट स्पष्ट दिसूं लागतांच वारा पडला. शीड लोंबूं लागलें आणि ओहोटी आम्हांस नकळत बाहेर ओढूं लागली. दुपारीं समुद्रावरून वारा सुटेपर्यंत बेट समोर असून जवळ येईना.

इंग्रजांच्या मोठ्या जहाजांचीही हीच गत होती. मराठ्यांचीं गलबतें हलकीं, उथळ बांधणीचीं. वारा नसला तरी वल्ह्यांवर चालत. रात्रीच्या अंधारांत तीं किनाऱ्यावरून निघत आणि माणसें, दाणागोटा, बांधकामाचें सामान बेटावर पोंचवीत. १८ ऑक्टोबर रोजीं मराठा आरमार असें चालून आलें कीं, इंग्रजांस नांगर उचलण्यासही पुरता अवसर मिळाला नाहीं. 'डव्ह' हें त्यांचें जहाज पकडलें गेलें. तथापि हा निर्भेळ विजय नव्हे. 'रिव्हेंज' हें जहाज नेटानें झुंजलें आणि मराठ्यांस नागोठण्याच्या खाडीकडे परतावें लागलें. पण पुरवठा थांबला नाहीं. आणि पुरवठा चालू होता तोंवर तटही चढत होता. अखेर १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह केला. त्याच सुमारास सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकाविली, त्यामुळें खांदेरीच्या उशाशीं शत्रु कायम राहिला, हेंही विसरतां येत नाहीं.

२०२५ सालीं मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर खांदेरीचाही जागतिक वारशांत समावेश झाला. प्रेक्षक आतां तटाकडे आदरानें पाहतील, तें योग्यच आहे. परंतु तो तट उभा राहिला तो अंधारांत वल्हीं मारणाऱ्या हातांवर. मायनाक भंडारी यांचें नांव इतिहासानें राखलें. त्या वल्हेकऱ्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?