आजोबांची स्कॉच: प्यायची की विकायची?

आज सुरुवात एका आकड्याने. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात मॅकॅलन १९२६ या व्हिस्कीची एक बाटली २१ लाख पौंडांच्या वर गेली. म्हणजे आपले साधारण २२ कोटी रुपये!

ही बातमी चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली विचारलं, "आपली विकूया?" आपली म्हणजे आजोबांच्या कपाटातली १२ वर्षांची स्कॉच. १९८५ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने त्यांना दिलेली, अजून सीलबंद. भावाच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, त्यामुळे प्रश्न थट्टेचा नव्हता.

आधी किमतीचं बघू. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. काचेत गेली की मुरणं थांबतं. १२ वर्षांची व्हिस्की ४० वर्षं कपाटात राहिली तरी १२ वर्षांचीच. उलट बूच सैल झालं तर आतली पातळी उतरते. मॅकॅलनची ती व्हिस्की ६० वर्षं पिंपात होती आणि १९८६ साली त्या पिंपातून फक्त ४० बाटल्या भरल्या गेल्या. पैसे त्या दुर्मीळपणाचे. आमच्या ब्रँडच्या बाटल्या जगभर ढिगाने विकल्या गेल्यात.

आता कायदा, आणि खरी गोष्ट इथेच आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यामागे मोरारजी देसाईंचा मोठा जोर होता. १९५० साली बंदी पूर्ण लागू झाली. बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही कलमं रद्द केली, पण मूळ बंदी कायम ठेवली. मग उरलं काय? तब्येतीचं कारण दाखवून परमिट, नाहीतर चोरून हातभट्टी. १९६० साली राज्याचे दोन भाग झाले. गुजरातने बंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने हळूहळू ढील दिली, पण कायदा काही रद्द केला नाही. म्हणून आजही कागदोपत्री प्यायला परमिट लागतं, आणि लायसन्स नसताना बाटली विकणं हा सरळ गुन्हा आहे.

आजोबांचा जन्म १९३२ चा. म्हणजे ऐन अठराव्या वर्षी त्यांच्या वाट्याला पूर्ण दारूबंदी आली. अशा माणसाला अस्सल स्कॉच मिळाल्यावर ती जपून ठेवावीशी वाटणारच ना! आत्याच्या लग्नात उघडू, बाबांच्या प्रमोशनला उघडू, असं करत करत राहून गेलं. २०२२ मध्ये आजोबा गेले.

आमचं ठरलंय. परमिट काढायचं आणि येत्या दिवाळीत सगळे जमले की बाटली उघडायची. भावाचं कर्ज तिने फिटणार नव्हतंच. आजी म्हणाली, "पहिला पेला त्यांच्या फोटोपुढे ठेवा, मग काय ते करा."

तुमच्या घरी अशी 'खास दिवसासाठी' ठेवलेली वस्तू आहे? ती ठेवणारं माणूस हयात असेल तर आजच विचारा, तो दिवस कुठला. भेटू पुढच्या भागात!